खालून येणारा फुटवा

"हा प्रश्न सोडून द्या. वेळ खातो. तेवढ्यात पुढचे तीन होतात."

हे मी किती मुलांना सांगितलं असेल याचा हिशेब माझ्याजवळ नाही. नागपुरात मराठी शिकवते आहे, त्याला 26 वर्षं झाली. शाळेत आठवी-नववीचे वर्ग, शाळा भरण्याआधी शिष्यवृत्तीचा जादा तास, आणि गेल्या काही वर्षांपासून रविवारी सकाळी महाल भागातल्या एका छोट्या सभागृहात स्पर्धापरीक्षा देणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींकडून उताऱ्यांचा सराव. उताऱ्याखाली चार-पाच प्रश्न असतात. मध्यवर्ती कल्पना काय, लेखकाची भूमिका काय, अमुक शब्दाचा इथला अर्थ काय. आणि त्यांतच कधी कधी एक असतो : 'उताऱ्यातील परिस्थितीशी खालीलपैकी कोणती परिस्थिती सर्वाधिक मिळतीजुळती आहे?'

तोच मी सोडायला लावत होते. कारणही सांगत होते. म्हणायची, उतारा संत्र्यांवर आणि पर्याय नाटक कंपनीवर, हे वाचन नाही, हे कोडं आहे. उताऱ्यात जे लिहिलंय त्यावरच प्रश्न असावा. बाहेरचं विचारणं म्हणजे मुलांची दिशाभूल.

हे मत मी मागे घेतलं आहे. नुसतं मागे घेऊन भागत नाही, म्हणून हे लिहिते.

माझं मत कुठून आलं ते आधी सांगायला हवं. मी स्वतः शिष्यवृत्तीधारक. आपल्याकडे ही परीक्षा 1954-55 पासून चालू आहे. माझ्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असे, 2017 मध्ये ती पाचवीला आणि आठवीला आली. बुद्धिमत्ता चाचणीत 'समसंबंध' हा माझा हातखंडा होता. डॉक्टर : दवाखाना :: शिक्षक : ? असे प्रश्न. पहिल्या जोडीचं एक वाक्य करायचं, तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावायचं. डॉक्टर दवाखान्यात काम करतो, शिक्षक शाळेत काम करतो. शिक्षिका झाल्यावर मीही हेच शिकवलं. मुलं भराभर सोडवायची. एकच उत्तर, वाद नाही, तपासायला सोपं. मला वाटायचं, संबंध ओळखण्याची परीक्षा घ्यायची तर ती अशी घ्यावी, स्वच्छ. उतारा कशाला मध्ये?

त्या स्वच्छ प्रश्नांना एक तडा फार पूर्वीच गेला होता. मी त्याकडे पाहिलं नाही. चौथीतला एक मुलगा होता, भिवापूरकडचा. वडील इमारतींच्या कामावर, म्हणून शहरात आलेलं कुटुंब. मी हाताने काढलेल्या सराव-पत्रिकेत एक प्रश्न होता : ग्रंथ : ग्रंथालय :: चित्र : ? पर्याय होते रंग, कलादालन, भिंत, चौकट. त्याने 'भिंत' लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, "चित्र भिंतीवर असते नं, मॅडम." मी त्याला म्हटलं, डोकं वापर. खरं तर त्याने डोकंच वापरलं होतं. कलादालन हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. चित्रं मांडून ठेवलेली जागा त्याने कधी पाहिली नव्हती. अजब बंगला हे वस्तुसंग्रहालय आमच्या शाळेपासून दोन-अडीच किलोमीटरवर होतं. मी त्याला तिथे नेलं नाही, काट मारली आणि पुढची पत्रिका घेतली.

अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेत अशीच एक जोडी गाजली होती. धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तोच वल्हेकऱ्याचा कशाशी? उत्तर होतं रेगाटा, म्हणजे नौकांची शर्यत. ज्यांच्या घरी नौकांच्या शर्यती बघायला जातात, त्यांना ते येणार. बाकीच्यांना संबंध कळूनही शब्द माहीत नसणार. त्या परीक्षेतून 2005 साली शब्दजोड्यांचे प्रश्न काढूनच टाकले. हे मला वाचून माहीत होतं, पण ते मला दूरचं, परदेशातलं वाटत राहिलं. भिवापूरचा मुलगा आणि वल्हेकरी यांची जोडी माझी मलाच लावता आली नाही.

आता संत्र्याच्या उताऱ्याकडे येते.

माझे एक तरुण सहकारी कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची, क्लॅटची, तयारी करून घेतात. नागपुरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ 2016 ला सुरू झालं, तेव्हापासून आसपासच्या तालुक्यांतली मुलंही या परीक्षेकडे वळली आहेत. 2020 पासून ती जवळजवळ पूर्णपणे उताऱ्यांवर बेतलेली आहे, आणि संबंध व साधर्म्य ओळखणं हा तिच्या अभ्यासक्रमातला जाहीर भाग आहे. परीक्षा इंग्रजीत असते. सरांची पद्धत अशी की विचार आधी मराठीत पक्का करायचा, मग इंग्रजी उताऱ्याला हात घालायचा. त्यासाठी ते मराठीत सराव-उतारे लिहितात आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे देतात. एक उतारा असा होता :

'नागपुरी संत्र्याची बाग सहसा बी पेरून उभी करत नाहीत. जंबेरीचे रोप वाढवतात आणि त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा बांधतात. जंबेरीची मुळे दणकट असतात, ती झाडाला पाणी आणि बळ देतात. फळ मात्र संत्र्याचे येते. बांधलेल्या डोळ्याच्या खाली खुंटाला फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर खुंट आपलेच झाड वाढवतो आणि संत्रे मागे पडते.'

खाली तो प्रश्न होता, मिळतीजुळती परिस्थिती कोणती. पर्याय चार. पहिला, एका बागाईतदाराने संत्र्यांच्या ओळींमध्ये मोसंबी लावली आणि दोन्हींचे पीक घेतले. दुसरा, दोन गावांनी आपापल्या विहिरी एकमेकींना जोडल्या आणि दोघांनाही उन्हाळाभर पाणी पुरले. तिसरा, एका नव्या नाटक कंपनीने जुन्या कंपनीचा रंगमंच, वाद्ये आणि गावोगावचे ठेकेदार वापरले, पण त्या मंचावर जुन्या कंपनीचे नाटक पुन्हा उभे राहू दिले नाही. चौथा, एका विद्यार्थ्याने शेजाऱ्याची वही उतरवून काढली आणि तो पास झाला.

मी लाल पेनने वाचला. सरांनी 'फूटवे' असं दीर्घ लिहिलं होतं, ते मी ऱ्हस्व केलं. मग सहज म्हणून प्रश्न सोडवला. दुसरा पर्याय. दोन गोष्टी जोडल्या, जोडणीतून दोघांचं भलं झालं. उत्तरसूचीत तिसरा होता. मी समासात लिहिलं, 'प्रश्न सदोष. रद्द करावा.'

सरांनी तो रद्द केला नाही. मला म्हणाले, "ताई, रविवारी मुलांपुढेच ठेवू या."

वर्गात काटोलकडची एक मुलगी होती. घरी संत्र्याचा बगीचा. ती फार बोलत नसे. तिने तिसरा पर्याय दिला. मी विचारलं, दुसरा का नाही? म्हणाली, "मॅडम, विहिरीत कोणाले थांबवा लागत नाही. इथं तं सारखं पाहा लागते, खालून फुटवा आला का म्हणून."

मी तेव्हा जे बोलले ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, "तुझ्या घरी बाग आहे, म्हणून तुला आलं. बाकीच्यांना कसं येणार?"

ती काही बोलली नाही. कागद माझ्यासमोर सरकवला आणि शेवटच्या दोन ओळींखाली बोट ठेवलं. "हे तं इथंच लिहून आहे."

तिचं बोट 'फुटवे' या शब्दावर होतं. ज्या शब्दातला उकार मी दुरुस्त केला, त्या शब्दाचं म्हणणं मी वाचलंच नव्हतं. तो उतारा दोन गोष्टी जोडण्याबद्दल नव्हता. एकाने बळ द्यायचं, रूप दुसऱ्याचं राहायचं, आणि बळ देणाऱ्याने स्वतःचं रूप काढू नये म्हणून सतत लक्ष ठेवायचं, या तीन गोष्टींबद्दल होता. मी पहिल्या वाक्यांवरून एक ढोबळ कल्पना करून घेतली आणि बाकीचा उतारा त्या कल्पनेच्या आधारावर डोळ्यांखालून घातला. मध्यवर्ती कल्पना विचारली असती तर मी 'संत्र्याची कलमं' असं लिहून मार्क मिळवले असते. शब्दार्थ विचारला असता तर तोही आला असता. माझं न वाचलेलं उघडं पाडणारा प्रश्न एकच होता, आणि तो रद्द करा असं मीच लिहिलं होतं.

तरी माझा संशय गेला नाही. मुलगी बागाईतदाराची आहे, हे डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी सरांकडून तिला मुद्दाम वेगळा उतारा द्यायला लावला, एडवर्ड जेन्नर आणि 1796 सालची देवीची लस. गाईच्या देवीचा सौम्य आजार मुद्दाम होऊ दिला, की माणसाच्या देवीपासून बचाव होतो, एवढाच आशय. पर्यायांत एक दवाखान्याचा होता, डॉक्टरांनी रोग्याला वेळेवर औषध दिलं आणि तो वाचला. वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांनी तो घेतला. तिने घेतला नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, कसं केलंस ते मला दाखव.

तिने उतारा मला पुन्हा सांगितला, पण त्यात देवी नव्हती, गाय नव्हती, जेन्नर नव्हता. "मोठं संकट याच्या आधी त्याच्याचसारखं लहान संकट मुद्दाम येऊ द्याचं. लहान्याशी लढून सवय झाली, की मोठं आलं तरी जमते." मग ती पर्यायांकडे वळली आणि प्रत्येकाला विचारलं, इथं आधी मुद्दाम काही येऊ दिलं का? दवाखान्याच्या पर्यायात दिलं नव्हतं. तिथे संकट आल्यावर उपाय केला होता. नाट्यस्पर्धेआधी शाळेने आपल्याच कडक शिक्षकांसमोर तालीम ठेवून मुलांना प्रश्नांना तोंड द्यायला लावलं, असा एक पर्याय होता. तो तिने निवडला. बरोबर होता.

त्या दिवसापासून मी हेच शिकवते. नावं काढून उतारा सांगा. कोण कोणाला काय देतो, कशाच्या बदल्यात, काय केलं नाही तर काय बिघडेल. हे जमलं तर पर्याय वाचा, नाही जमलं तर पर्याय वाचूच नका, पुन्हा उताऱ्याकडे जा. कारण पर्याय लिहिणारा माणूस तुमच्या अर्धवट वाचनाची वाट पाहत असतो. त्याचा पहिला सापळा विषयाचा. उतारा संत्र्याचा असला की एक पर्याय मोसंबीचा असतोच, आणि घाईत तो ओळखीचा वाटतो. दुसरा सापळा अर्ध्या संबंधाचा, माझ्या विहिरींसारखा. दोन गोष्टी जुळतात, तिसरी सुटते. मुलं मला विचारतात, किती गोष्टी जुळल्या पाहिजेत? मी सांगते, उताऱ्यात जी गोष्ट काढली तर सगळं म्हणणंच पडतं, ती जुळली पाहिजे. संत्र्याच्या उताऱ्यातून फुटवे काढा, मग विहिरीही चालतील.

हा विषयाचा सापळा माणसाला किती घट्ट धरतो याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मेरी गिक आणि कीथ होलियोक यांनी तो 1980 मध्ये प्रसिद्ध केला. पोटातली गाठ किरणांनी जाळायची आहे. किरण जोराचे सोडले तर वाटेतलं निरोगी मांस जळतं, सौम्य सोडले तर गाठ जळत नाही. काय कराल? लोकांना आधीच एक गोष्ट वाचायला दिली होती : किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले, मोठी फौज गेली की उडणार, म्हणून सेनापतीने फौजेच्या लहान तुकड्या करून वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पाठवल्या. उत्तर त्या गोष्टीतच आहे. सौम्य किरण अनेक बाजूंनी एकाच ठिकाणी आणायचे. तरी आपण होऊन ते बहुतेकांना सुचलं नाही. 'मघाची गोष्ट उपयोगी पडेल' एवढं सांगितल्यावर मात्र बहुतेकांना सुचलं. गोष्ट सगळ्यांनी वाचली होती, समजलीही होती. पण त्यांच्या डोक्यात ती 'युद्ध' या कप्प्यात पडली होती आणि प्रश्न 'दवाखाना' या कप्प्यातून आला होता.

हे वाचल्यावर मला माझ्या स्वतःच्या विषयाची आठवण झाली, आणि ती आधी का झाली नाही याचं वाईट वाटलं. मी मराठीची शिक्षिका. तेराव्या शतकात, इथे विदर्भात, आपल्या भाषेतलं आरंभीचं गद्य लिहिलं गेलं. ते जिथे लिहिलं गेलं ते रिद्धपूर आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. त्याची मांडणी मी महाविद्यालयात असताना पाठ केली होती : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे म्हणणं. दृष्टांत म्हणजे लोकांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतलं काय कशाला लागू पडतं याचा उलगडा. हा तिसरा भाग स्वतंत्रपणे सांगावा लागतो, हे त्या काळच्या माणसांना माहीत होतं. गोष्ट ऐकली म्हणजे ती लागू करता आली असं होत नाही. परीक्षेतला तो प्रश्न दार्ष्टांतिक विचारतो. मी त्याला बाहेरचा, परका, इंग्रजी वळणाचा म्हणत आले आणि तो माझ्याच घरातला होता.

सगळंच मी मान्य केलं आहे असं नाही. क्लॅटमध्ये आता 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. एवढ्या घाईत नावं काढून उतारा सांगायला ज्या मुलांना इंग्रजी घरून मिळालं आहे त्यांना जमेल, बाकीच्यांचा निम्मा वेळ वाक्यच लावण्यात जाईल. याबद्दल माझी तक्रार कायम आहे आणि ती मी ठिकठिकाणी बोलते. पण ती तक्रार वेळेबद्दल आणि भाषेबद्दल आहे. प्रश्नाबद्दल नाही. उलट माझ्या लाडक्या शब्दजोड्यांपेक्षा हा प्रश्न मला आता जास्त न्यायाचा वाटतो. त्यात कलादालन आधीपासून माहीत असावं लागत नाही. जे जुळवायचं ते उताऱ्यातच दिलेलं असतं, आणि ज्याने तो शेवटपर्यंत वाचला त्याच्या हाती ते लागतं. भिवापूरच्या मुलाला मी असा प्रश्न दिला असता तर त्याने काय उत्तर दिलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही. तो सहावीत शाळा सोडून गेला.

ज्यांना मी 'सोडून द्या' म्हटलं, त्यांतली काही मुलं अजून संपर्कात आहेत. भेटतील तेव्हा मी त्यांना हे सांगते. एक आता तहसील कार्यालयात आहे. तो म्हणाला, "मॅडम, काही बिघडलं नाही, मी पास झालो." त्याचं म्हणणं खरं आहे. माझं समाधान झालं नाही.

गेल्या महिन्यात नववीला 'कीर्ती कठियाचा दृष्टांत' घेतला. कुमारभारती या पाठ्यपुस्तकात आहे. देवळात सेवा करणारा कठिया. झाडलोट करतो, सडा घालतो, धुपारती करतो. गावचे महाजन येतात, पाहतात आणि त्याची वाखाणणी करतात. ते ऐकून तो रोज आणखी आणखी सेवा करू लागतो. पण सेवेचं फळ कीर्तीतच संपतं. इतकी वर्षं मी इथे जुन्या मराठीचे शब्दार्थ सांगून, 'अहंकार नसावा' हे तात्पर्य लिहून देऊन पुढे जात होते. यंदा तात्पर्य दिलं नाही. म्हटलं, तुमच्या पाहण्यातली अशीच एक गोष्ट सांगा. नावं काढा, आणि मग सांगा.

एक मुलगा म्हणाला, आमच्या गणपती मंडळातला दादा रात्रभर जागून सजावट करायचा, एका वर्षी फलकावर त्याचं नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी तो आलाच नाही. लगेच मागून आवाज आला, "नाही जमत. कठियाचं काम थांबलं नाही, वाढलं." वर्गात गलबला झाला. मी मध्ये पडले नाही. दोन-तीन गोष्टी आल्या आणि मुलांनीच त्या पाडल्या.

मग तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. अक्षर मोत्यासारखं, मार्क बेताचे. म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्या वहीवर 'अक्षर सुंदर' लिहिलं होतं, पाचवीत. तेव्हापासून मी जास्तच सुंदर लिहून राहिलो. पण फळ्यावरून काय उतरवलं, ते मले घरी गेल्यावर आठवत नाही."

वर्ग शांत झाला. मग मुलं एकेक गोष्ट लावून पाहू लागली. सेवा म्हणजे अक्षर. रोज वाढली, हो. फळ म्हणजे समजणं, ते मिळालं नाही. कीर्ती म्हणजे वहीवरचा शेरा. मी फळ्यावर डावीकडे कठियाची गोष्ट आणि उजवीकडे त्याची, असे दोन रकाने करून लिहीत गेले. डावीकडे 'महाजन' राहिले होते. त्यांच्यासमोर काय, ते कोणी बोलेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खडू उचलला आणि लिहिलं, 'मॅडम'.